सरकारतर्फे

फौजदारी खटला राज्याच्या नावाने चालतो. मार एकाला बसतो, चोरी दुसऱ्याच्या घरी होते, पण न्यायालयाच्या दप्तरात नोंद पडते ती 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' अशीच. त्या शासनाच्या बाजूने जो उभा राहतो तो सरकारी वकील. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात त्याला सहायक सरकारी अभियोक्ता म्हणतात, सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील. लोकांच्या मनात त्याचे चित्र एकच असते : आरोपीला शिक्षा मिळवून देणारा माणूस. कायद्याला मात्र त्याच्याकडून याहून मोठे काम हवे आहे. शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या १९९९ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. काहीही करून शिक्षा व्हावी, अशी तहान सरकारी वकिलाला नसावी. आरोपीला कायद्याने एखादा लाभ मिळण्यासारखा असेल आणि त्याच्या स्वतःच्या वकिलाच्या नजरेतून तो सुटला असेल, तर तो न्यायालयाच्या ध्यानात आणून देणे हेही सरकारी वकिलाचेच कर्तव्य आहे.

हे तत्त्व सर्वांत जास्त कसाला लागते ते दुबळ्या प्रौढांच्या खटल्यांत. मानसिक आजाराने ग्रासलेला तरुण, बौद्धिक दिव्यांग स्त्री, स्मृती हरवत चाललेले आजोबा, बोलता-ऐकता न येणारा मजूर ही माणसे कधी आरोपी म्हणून न्यायालयात येतात, कधी पीडित म्हणून, कधी एकमेव साक्षीदार म्हणून. मुलांसाठी २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, विशेष न्यायालये आहेत, बालकल्याण समित्या आहेत. अठरावा वाढदिवस उलटला की हे छत्र एकदम जाते. समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची असली तरी कायद्याच्या लेखी ती व्यक्ती प्रौढ ठरते आणि तिचे संरक्षण चार-पाच वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले सापडते. ते गोळा करून न्यायासनापुढे मांडायचे कोणी? व्यवहारात हे काम सरकारी वकिलाच्याच वाट्याला येते. त्याच्या कारकिर्दीतला हा भाग वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येतो.

त्यासाठी आधी त्याला पोलिसांपासून वेगळे उभे राहता यायला हवे. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होईपर्यंत कनिष्ठ न्यायालयांत पोलीस अधिकारीच खटले चालवत. संहितेने ही पद्धत मोडली, तरी महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्त्यांवरचा ताबा पोलीस खात्याकडेच राहिला होता. हा वाद एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ साली आदेश झाला : अभियोक्त्यांचे संवर्ग पोलिसांपासून पूर्ण वेगळे करा, त्यांचे स्वतंत्र खाते उभारा. आज त्यांचे अभियोग संचालनालय आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये अशा संचालनालयाची रचना सांगितली आहे. वरवर ही खात्यांमधली वाटणी दिसते. पण तपास अधिकाऱ्याच्या हाताखालचा वकील 'या माणसाची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी का केली नाही?' असा प्रश्न त्याच अधिकाऱ्याला विचारू शकत नाही. स्वतंत्र वकील विचारू शकतो. आजारी आरोपीचे पुढचे सगळे आयुष्य पुष्कळदा या एका प्रश्नावर अवलंबून असते.

हा प्रश्न विचारण्याची पहिली जागा म्हणजे रिमांड. अटकेपासून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. बोर्डावर कामे खूप असतात, एकेका आरोपीला काही मिनिटे मिळतात. नाव काय, वकील आहे का, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, एवढी विचारपूस होते आणि कोठडीचा आदेश निघतो. समोरचा माणूस नाव विचारल्यावर भलतेच उत्तर देतो, भिंतीकडे पाहून पुटपुटतो, महिनोन्‌महिने अंघोळ न केलेला दिसतो. त्याच्याबरोबर आलेली म्हातारी आई बाहेर बाकावर बसून 'त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय हो' असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, आणि ते तिचे वाक्य कागदावर मात्र कुठेच येत नाही. ते कागदावर आणणे ही अभियोक्त्याची पहिली जबाबदारी. नव्या संहितेचे कलम ३६७ (जुने कलम ३२८) सांगते की आरोपी मनोविकल असून स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असल्याचे दंडाधिकाऱ्यांना वाटले, तर त्यांनी चौकशी करावी आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर त्याला सोडावे. पुरावा असेल तर उपचारासाठी लागेल तितका काळ खटला थांबवावा. आरोपी बरा होऊन खटला समजू शकेल, तेव्हाच तो पुढे चालावा.

हा थांबा आरोपीच्या भल्यासाठी आहे. पण थांबलेल्या खटल्याची आठवण कोणी ठेवली नाही, तर काय घडते हे आसामने दाखवले. मोरीगाव जिल्ह्यातल्या एका आदिवासी तरुणाला १९५१ साली गंभीर दुखापतीच्या आरोपावरून अटक झाली. त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. त्याला घरी सोडायला हवे होते, निदान न्यायालयापुढे तरी आणायला हवे होते. प्रत्यक्षात त्याची रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. खटला कधी उभाच राहिला नाही. २००५ साली मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांमुळे एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला, तेव्हा आत जाऊन चोपन्न वर्षे झाली होती. तेविसाव्या वर्षी आत गेलेला माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी बाहेर पडला आणि दोनच वर्षांनी वारला. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपये भरपाई आणि महिना एक हजार रुपयांचे निर्वाहवेतन दिले. या चोपन्न वर्षांत त्या जिल्ह्यात किती सरकारी वकील आले आणि गेले असतील. त्यांच्यापैकी एकाने जरी प्रलंबित प्रकरणांची यादी काढून न्यायालयापुढे ठेवली असती, तर हा माणूस चाळिशीत घरी गेला असता.

आसामचा हा प्रकार एकटा नव्हता. तेव्हाच्या बिहारमधल्या हजारीबाग मध्यवर्ती कारागृहात मनोरुग्ण म्हणून ठेवलेले सोळा कैदी एकोणीस ते सदतीस वर्षे अडकून पडल्याचे १९८२ च्या वीणा सेठी प्रकरणात उघड झाले. त्यांच्यातले काही कधीच बरे झाले होते, पण त्यांच्या सुटकेचा कागद कोणी हलवला नव्हता. काही ठिकाणी तर गुन्ह्याचीही गरज लागत नसे. आजारी माणसाला 'सुरक्षितते'च्या नावाखाली थेट तुरुंगात ठेवण्याची प्रथा देशाच्या काही भागांत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लढवलेल्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. ८०च्या दशकात मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांची अवस्था न्यायालयापुढे आणणाऱ्या त्याच या शीला बारसे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० ने पुढचे पाऊल टाकले. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आजारी व्यक्ती दिसली, तर ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोचवायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. किरकोळ चोरीच्या किंवा रात्री संशयास्पद फिरण्याच्या कलमाखाली अशी माणसे न्यायालयात आणली जातात, तेव्हा कलम १०० ची आठवण करून देणे दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातल्या अभियोक्त्याला सहज शक्य असते. गरज असेल तिथे खटला मागे घेण्याची परवानगीही तो मागू शकतो. हा अधिकार सरकारी वकिलाचा स्वतःचा आहे. राजकीय दंगलींचे खटले मागे घेण्यासाठी त्याचा वापर झाल्याचे वाचायला मिळते. फलाटावरून पाव उचलणाऱ्या मनोरुग्णासाठी तो अधिक शोभून दिसेल.

कनिष्ठ न्यायालयातला आणखी एक जुना विषय म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मरता मरता वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद देत असे. त्याविरुद्धचा पहिला मोठा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाला रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडला होता. भाजीच्या दुकानाच्या परवान्यासाठी महापालिका आयुक्तांच्या दारी गेल्यावर दाद लागेना, तेव्हा त्याने अंगावर रॉकेल ओतून घेतले. त्याला वाचवले गेले आणि लगेच त्याच्यावर गुन्हाही दाखल झाला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला उपचार हवेत, तुरुंग नको, असा त्या निकालाचा सूर होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मत दिले, पण १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले आणि कलम पुन्हा जिवंत झाले. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने मार्ग काढला : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, उलट सिद्ध होत नाही तोवर तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची शुश्रूषा करणे ही सरकारची जबाबदारी. भारतीय न्याय संहितेतून तर ३०९ पूर्णच गेले.

तरीही एक बारीक धागा राहिला आहे. न्याय संहितेचे कलम २२६ सांगते की लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. म्हणजे आयुक्तांच्या दारात रॉकेल ओतून घेणारा तो आजारी शिपाई आज असता, तर त्याच्यावर गुन्हा दाखल करायला कलम हाताशी आहे. मंत्रालयासमोर किंवा जिल्हाधिकारी कचेरीसमोर अंगावर रॉकेल घेणारा शेतकरी 'भाग पाडण्यासाठी' आला की आयुष्याला कंटाळून, हे ठरवणारा पहिला कायदेपंडित न्यायाधीश नसतो. दोषारोपपत्र तपासणारा सरकारी वकील असतो.

सत्र न्यायालयात पोचल्यावर प्रश्न अधिक गंभीर होतो. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी म्हणतो, कृत्याच्या वेळी मी भानावर नव्हतो. इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यातून आलेले हे तत्त्व १८६० च्या दंड संहितेत कलम ८४ म्हणून बसले आणि आता न्याय संहितेचे कलम २२ आहे. कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे मनोविकलतेमुळे कळण्यास जो असमर्थ होता, त्याचा तो गुन्हा होत नाही. आजार असणे पुरेसे नाही, त्या क्षणी समज गेलेली असणे आवश्यक आहे. आजार सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. परंतु दाह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले की आरोपीच्या पुराव्याने गुन्हेगारी हेतूबद्दल वाजवी शंका निर्माण झाली, तरी तो सुटू शकतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यातून कळते. त्याने १९९४ साली दिवसाढवळ्या पत्नीला दगडाने ठेचून मारले आणि तो लपला नाही, पळाला नाही. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. पण कागदपत्रांत त्याच्या पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाच्या जुन्या उपचारांची नोंद होती, त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि अटकेनंतरच्या पाचेक महिन्यांत त्याला उपचारासाठी सुमारे पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे एकत्र पाहिले आणि कलम ८४ चा लाभ दिला. हा पुरावा आठ वर्षे फाइलमध्येच होता. तो पहिल्याच न्यायालयात जोर देऊन मांडला गेला असता, तर आजारी माणसाला शिक्षेखाली इतकी वर्षे काढावी लागली नसती.

२००७ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी तपास यंत्रणेवर टाकली. आरोपीला पूर्वी मानसिक आजार असल्याचे तपासात समोर आले, तर प्रामाणिक तपास अधिकाऱ्याने ताबडतोब त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यायची आणि तो पुरावा न्यायालयापुढे ठेवायचा. तसे केले नाही तर सरकार पक्षाच्या खटल्यातच मोठे वैगुण्य राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो. म्हणजे वैद्यकीय कागद मागवणे सरकारी वकिलाच्या स्वतःच्या खटल्यासाठीही हिताचे आहे. घटनेनंतर सहा महिन्यांनी केलेली तपासणी घटनेच्या क्षणाबद्दल फारसे सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यातली तपासणी, शेजाऱ्यांचे जबाब, औषधांच्या चिठ्ठ्या, गावातल्या डॉक्टरांच्या वहीतली नोंद, यांची किंमत फार मोठी असते.

मनोविकलतेमुळे सुटका झाली म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा फिरतो, हा समज चुकीचा आहे. कृत्य त्यानेच केले, असा निष्कर्ष न्यायालयाला निकालात नोंदवावा लागतो. मग त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवले जाते, किंवा नातेवाइकांच्या हमीवर त्यांच्या ताब्यात दिले जाते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि पुष्कळदा घरचे लोक न्यायला येतच नाहीत. अशा माणसाच्या आढाव्याची तारीख सरकारी वकिलाने आपल्या डायरीत लिहून ठेवली नाही, तर आसामसारखाच प्रकार इथेही घडू शकतो.

आता साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे वळावे लागेल. याच सरकारी वकिलाला दुबळ्या माणसाची बाजू इथे उलट दिशेने, पीडित म्हणून मांडायची असते. बौद्धिक दिव्यांग स्त्रियांवरच्या अत्याचारात बचावाचे ठरलेले दोन मुद्दे असतात : तिची संमती होती, आणि तिच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्या मुद्द्याचे उत्तर गोव्यातून गेलेल्या एका खटल्याने दिले. तुळशीदास कानोळकर विरुद्ध गोवा राज्य या २००३ च्या निकालातल्या मुलीचा बुद्ध्यांक सर्वसाधारण माणसाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, आणि गर्भ राहिल्यावर आईवडिलांना प्रकार कळला. न्यायालयाने म्हटले की निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे. संमतीला समज लागते, भलेबुरे ओळखून होकार किंवा नकार देण्याची ताकद लागते. आज न्याय संहितेत मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर विदर्भातून गेलेल्या प्रकरणात सापडते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू हे ते प्रकरण. पीडित मूकबधिर होती, शिवाय बौद्धिक दिव्यांग. तिची साक्षच झालेली नाही, या कारणावरून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. इतर पुरावा भक्कम असेल, तर पीडित साक्ष देऊ शकली नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही, असे न्यायालयाने सांगितले, आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन साक्ष केंद्रे उभारण्याचा आदेश दिला. पुढचे पाऊलही महाराष्ट्रातल्याच प्रकरणाने टाकले. स्मृती तुकाराम बडदे खटल्यात ११ जानेवारी २०२२ रोजी 'असुरक्षित साक्षीदार' या संज्ञेची व्याप्ती वाढली. मानसिक आजार असलेले, बोलण्या-ऐकण्यात अडचण असलेले, लैंगिक अत्याचाराचे कोणत्याही वयाचे आणि कोणत्याही लिंगाचे बळी या सगळ्यांना ती लागू झाली. देखरेखीसाठी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

कायद्याने साधने दिली आहेत. मनोविकल माणूस साक्षीला मुळातच अपात्र, असे साक्ष कायदा म्हणत नाही. प्रश्न समजून सयुक्तिक उत्तर देता येते का, एवढेच तो पाहतो. ज्याला बोलता येत नाही त्याने खुणांनी किंवा लिहून साक्ष द्यावी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी, आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे २०१३ पासून बंधन आहे. लैंगिक गुन्ह्यात दिव्यांग पीडितेची फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन घ्यायची असते. दंडाधिकाऱ्यांपुढे चित्रित केलेला तिचा जबाब सरतपासाच्या जागी धरता येतो, म्हणजे तीच कहाणी तिला पुन्हा सांगावी लागत नाही, फक्त उलटतपास उरतो.

साधने असली तरी ती वापरण्याचे कौशल्य वकिलाचे. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती समोरच्याला बरे वाटावे म्हणून पटकन 'हो' म्हणते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून चांगला पुरावा वाया जातो. 'तू तिथे गेली होतीस आणि त्याने तुला धरले, बरोबर?' या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि उत्तरही आधीच भरलेले आहे. एका वेळी एक गोष्ट, लहान वाक्ये, तिच्या घरात बोलली जाते ती बोली, तारखेऐवजी 'पोळ्याच्या आधी की नंतर' असा संदर्भ, मध्ये विश्रांती, बाजूला ओळखीचे माणूस. साक्षीच्या आदल्या दिवशी तिला रिकामे न्यायालय दाखवून आणणे, साहेब कुठे बसतील, आपण कुठे, काळे कोट का घालतात, हे समजावणे. हे शिकवून पढवणे नव्हे. भीती गेली की माणूस खरे सांगतो, इतकेच. उलटतपासात मुद्दाम गोंधळात टाकणारे प्रश्न आले तर लगेच उठून हरकत घेणे हेही त्यातच येते. या कामाला कोणतेही निकालपत्रक गुण देत नाही. प्रत्यक्षात मात्र अशा खटल्याचे यश नेमके इथे ठरते.

संरक्षणाच्या भरात त्या व्यक्तीचे स्वतःचे मत पुसले जाण्याचाही धोका असतो. चंदीगडच्या शासकीय वसतिगृहात अत्याचारातून गर्भवती राहिलेल्या एका बौद्धिक दिव्यांग तरुणीच्या प्रकरणात प्रशासनाला गर्भपात करायचा होता, तिला मूल हवे होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा निर्णय मानला. दिव्यांग प्रौढाच्या वतीने बोलताना आधी त्याला विचारायचे असते, हा धडा सरकारी वकिलांनाही लागू आहे.

वृद्धांच्या बाबतीत कायदा फार तोकडा आहे. वृद्धांचा छळ असा स्वतंत्र गुन्हा आपल्या दंडविधानात नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळतो, पण ते काम प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालते आणि तिथे वकिलांना मज्जाव आहे. सरकारी वकील येतो तो कलम २४ मध्ये : ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार मोडणाऱ्याला शिक्षा सांगणारे एक अपरिचित कलमही दंड संहितेपासून चालत आलेले आहे. पैसे घेऊन अंथरुणाला खिळलेल्या आजीला उपाशी ठेवणाऱ्या काळजीवाहकाला ते लावता येते, तरी ते फारसे लावले जात नाही. खरी अडचण काळाची आहे. ऐंशी वर्षांच्या फिर्यादीचा खटला तरुणाच्या खटल्याच्या गतीने चालवला, तर साक्षीच्या तारखेपर्यंत आठवण उरत नाही, कधी माणूसच उरत नाही. म्हणून जबाब लवकर दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेणे, दृकश्राव्य माध्यमातून घरून साक्ष मागणे, बँकेचे उतारे आणि दस्तऐवज सुरुवातीलाच जप्त करणे आवश्यक ठरते. मुलाविरुद्ध तक्रार करणारी आई साक्षीच्या दिवशी बहुधा माघार घेते. ती खोटी असते म्हणून नव्हे. संध्याकाळी तिला त्याच घरात जायचे असते. कागदावर उभा असलेला खटला तिच्या शब्दाविना चालू शकतो.

या सगळ्यात सर्वांत कमी वापरला गेलेला कायदा म्हणजे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन्ही त्याच्या एकवीस प्रकारांत येतात. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणे, अपमान करण्याच्या हेतूने मारणे, ताब्यात असताना जाणूनबुजून अन्नपाणी न देणे, स्त्रीवरील वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन तिचे लैंगिक शोषण करणे यांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ८४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून नेमायचे आणि कलम ८५ मध्ये त्यासाठी विशेष सरकारी वकील, असे सांगितले आहे. साध्या मारहाणीची कलमे लावून दोषारोपपत्र आले, तर ते वाचताना ९२ जोडायला लावणे हे वकिलाच्या एका टिपणाचे काम आहे. ते टिपण लिहिण्यासाठी हा कायदा त्याला माहीत मात्र असावा लागतो. सत्र न्यायालयातल्या नेमणुका ठरावीक मुदतीच्या असतात, आणि अशा खटल्यांत मुरलेला वकील मुदत संपली की अनुभव घेऊन निघून जातो. प्रत्येक जिल्ह्यात या कामासाठी एक तरी कायम माणूस असायला हवा.

शेवटचा टप्पा शिक्षेचा. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला पुढे गंभीर मानसिक आजार जडला, तर ती जन्मठेपेत बदलण्याचे ते एक कारण आहे, असे २०१४ च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात ठरले. १९९९ साली महाराष्ट्रात घडलेल्या दोन मुलींच्या अत्याचार-हत्येच्या प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने फाशी रद्द करून उर्वरित आयुष्यभराची कैद दिली. मानसिक आरोग्य कायद्यातल्या गोपनीयतेनुसार निकालात आरोपीचे नाव नाही, तो 'आरोपी क्ष' आहे. मग मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने जबाबदारी थेट सरकार पक्षावर आणली. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात आरोपीच्या मनोवैद्यकीय तपासणीची माहिती राज्यानेच सत्र न्यायालयापुढे ठेवायची. फाशी मागणाऱ्या सरकारी वकिलानेच आरोपीच्या मनाचा अहवालही आणायचा आहे.

या साखळीचा पहिला दुवा मात्र न्यायालयाबाहेर असतो. गोठ्यात साखळीने बांधलेला मुलगा, खोलीत कोंडलेली सून, उपाशी ठेवलेले आजोबा यांच्याबद्दल कोणी सांगितलेच नाही, तर सरकारी वकिलापर्यंत काही पोचत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०१ सांगते की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा तिच्या देखभालकर्त्याकडून छळ किंवा आबाळ होत असल्याचे ज्याला कळेल, त्याने ते त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला कळवायचे आहे. हे बंधन प्रत्येक नागरिकावर आहे, वाचकावरही. ठाणे अंमलदाराने मग ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे दोन्ही दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.